आत्या आल्या की गौरी येतात

भाद्रपदात अनुराधा नक्षत्र लागलं की गौरी येतात. गौरी आणणारीच्या पायांवर दारात दूध-पाणी घालतात, उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं उमटवतात, ताट-पळी वाजवत गौरींना स्वयंपाकघर, देवघर, कपाट, तिजोरी सगळं दाखवतात. त्याच सुमाराला आणखी एक माहेरवाशीण रिक्षातून उतरते. तिला घर दाखवावं लागत नाही. चपला काढता काढताच ती विचारते, "शेपू आणलाय ना?"

ही आत्या.

शेपू आणलेला नसतो. मेथी असते, निवडून, चिरून तयार. गौरी प्रवासाने दमून आलेल्या, म्हणून आवाहनाच्या दिवशी भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य दाखवतात. भाजी कोणती, हे घरागणिक बदलतं. "मेथी चालते की हो वन्सं," वहिनी नरमाईने म्हणतात. "चालायला काय, सगळंच चालतं," आत्या पदर खोचत म्हणते. "पण आमच्यात शेपू असतो." भाच्याला पिशवी देऊन मंडईत पिटाळलं जातं.

हिशेब मांडला तर गंमत वाटते. आत्या लग्न होऊन गेली बाविसाव्या वर्षी. म्हणजे या घरच्या बावीस गौरी तिच्या खाती. त्यातल्या पहिल्या दोन-तीन पाळण्यात गेल्या आणि पुढच्या काही मुखवट्याला हात लावला म्हणून धपाटे खाण्यात. वहिनींनी गौरी उभ्या केल्या त्याला चाळीस वर्षं होत आली. पुरण त्यांनी वाटलं, पितळी समया त्यांनी घासल्या, सवाष्ण जेवायला येते की नाही याची चौकशी त्यांनी केली. तरी घराच्या रीतींच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव आत्याचं. वहिनींची नोंद इतर हक्कांत.

पंचांगही आत्याच्या ताब्यात. गणपती तिथीने येतो आणि गौरी नक्षत्राने. आवाहन अनुराधावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळावर. त्यामुळे गौरींबरोबर जाणारा गणपती तोंडाने पाच दिवसांचा म्हणवला, तरी तो २०२३ साली पाचव्या दिवशी गेला, २०२४ साली सहाव्या आणि २०२५ साली सातव्या. आत्याला हे जानेवारीतच ठाऊक असतं. नवं कालनिर्णय भिंतीवर चढायच्या आत तिने भाद्रपदाचं पान काढून पाहिलेलं असतं आणि तिचा फोन येतो, "वहिनी, यंदा तुमच्याकडे गणपती सात दिवस हो!" या वाढीव दिवसांचं तिला मनापासून कौतुक वाटतं. तिचा मुक्काम दरवर्षी तीनच दिवसांचा.

पूजनाच्या दिवशी ती पहाटे चारला उठते, हे कबूल केलं पाहिजे. लोखंडी स्टँड पाहून ती एकदा सुस्कारा सोडते, कारण आई धान्याच्या कोठ्यांवर गौरी उभ्या करायची. शिवून आणलेली तयार नऊवारी दिसली की दुसरा. पण मुखवटा कलला, निऱ्या सुटल्या, की तीच तोंडात टाचण्या धरून पुढे होते आणि पाच मिनिटांत गौर अशी उभी राहते की शेजारणी फोटो काढायला येतात.

मग सोळा भाज्या. यातली मोजणी आत्या कोणावर सोपवत नाही. भेंडी, गवार, दोडका, पडवळ, कारलं, लाल भोपळा, अळू अशी बोटं मिटत जातात आणि दरवर्षी पंधरावर अडतात. कोथिंबीर भाजीत धरायची का, यावर एकदा चर्चा लांबली. गौरी उपाशी, पाहुणे उपाशी. शेवटी सूनबाईने फ्रिजमधून ब्रोकोली काढली. आत्याने ती उलटीसुलटी करून पाहिली, "फ्लॉवरचीच कुणीतरी दिसते," म्हणाली आणि सोळावं बोट मिटलं. पुढच्या वर्षी यादी वाचताना तिनेच विचारलं, "आणि ती हिरवी कुठाय? आपल्याकडे लागते ती."

दुसऱ्यांच्या रीतींविषयी मात्र तिचं मन फार मोठं. कोकणस्थांकडे नदीवरून किंवा विहिरीवरून मुक्याने आणलेले खडे हीच गौर, हे तिला मान्य. कोकणात कुठे तेरड्याची रोपं गौर म्हणून पुजतात, तेही मान्य. मराठवाडा-विदर्भात याच गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, शेजारी त्यांची बाळं बसवतात, नैवेद्याला आंबील लागते, याचं तिला कौतुक. एवढंच काय, कायस्थांकडे आणि कोकणातल्या कितीतरी घरांत गौरीला मासे-मटणाचा नैवेद्य असतो आणि तेवढ्या वेळापुरता गणपतीसमोर पडदा ओढतात, हे ऐकूनही ती शांतपणे म्हणते, "असेल हो त्यांच्यात." सवलत नाही ती फक्त वहिनींच्या मेथीला.

एका वर्षी नव्वदीतले चुलतकाका जेवायला होते. भाकरीचा तुकडा मोडत ते सहज बोलून गेले की शेपू या घरात आला तो आत्याच्या आईबरोबर, तिच्या माहेराहून. त्याआधी आजी मेथीच करायची. पंगतीत शांतता पसरली. वहिनींनी काकांना आग्रहाने आणखी तूप वाढलं. आत्या म्हणाली, "काकांना अलीकडे नीट आठवत नाही," आणि विषय कटाच्या आमटीकडे वळवला.

आता सासरचं. आत्याच्या सासरी गौरी नाहीत आणि गणपती दीड दिवसाचा. म्हणूनच तर तिला इकडे यायला सवड. पण त्या दीड दिवसासाठी तिच्या घरी तिच्या नणंदबाई येतात. मोदकाच्या कळ्या मोजतात, एकवीस दुर्वांची जुडी सोडून पुन्हा बांधतात आणि वाटली डाळ चाखून म्हणतात, "छान झालीय वहिनी. आमच्यात जरा तिखट असते." आत्या त्यांना काही म्हणत नाही. पंचमीला विसर्जन झालं की बॅग भरते.

मूळ नक्षत्रावर गौरींना खिरीचा नैवेद्य होतो, सोळा गाठींचे दोरे घेतले जातात, आणि गौरींबरोबर आत्याचीही ओटी भरली जाते. वहिनी पुरणपोळ्यांचा डबा देतात, तो ती "कशाला एवढं" म्हणत आधीच रिकाम्या ठेवलेल्या पिशवीत सरकवते. रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच तिचा फोन वाजतो. नाशिकला दिलेली लेक. चतुर्थीला तिला माहेरी यायला जमलं नव्हतं, तिच्या वहिनीने पाठवलेले फोटो तिने आत्ता कुठे मोठे करून पाहिलेत.

"आई, मोदक तळलेले कसे गं दिसतायत? कुणी ठरवलं हे?"