केळीला मी हर्ब म्हणालो

तुम्हाला म्हणून सांगतो, नशिराबादच्या आमच्या घरात मी 'सायन्सवाला' होतो. म्हणजे मिक्सर बिघडला की आधी मला हाक यायची, मग मी तो उघडायचो, स्क्रू ताटलीत मांडायचो, पुन्हा बसवताना दोन स्क्रू उरायचे, आणि संध्याकाळी बाबा पाकीट काढायचे. नवा मिक्सर यायचा.

असा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एस.टी.नं जळगावला जाऊ लागलो. इंग्रजीचा तास सक्तीचा होता, म्हणून मागच्या बाकावर फिजिक्सचं जर्नल उतरवायचं, असा बेत. पण सरांनी वर्डस्वर्थची डॅफोडिलची कविता काढली, तीत फुलांचा आकडा निघाला दहा हजार, आणि माझा हात आपोआप वर गेला. "सर, मोजली कशी? नमुना किती चौरस फुटांचा घेतला?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "आता तू आपल्याकडचं काहीतरी बघ आणि त्यावर कविता लिहून आण."

आपल्याकडे डॅफोडिल कुठून आणणार? आपल्याकडे केळी. रविवारी मामांच्या बागेत टेप घेऊन शिरलो, पाच बाय पाच फुटांची लागवड मोजली, एकरी 1742 झाडं असा हिशोब काढला, चिकाचे डाग शर्टावर पाडून घेतले, आईचा मार चुकवला आणि रात्री बसून इंग्रजीत लिहिलं: 'ओ बनाना, यू आर नॉट अ ट्री, यू आर ओन्ली अ हर्ब.' सरांनी ते वर्गात इतक्या कातर आवाजात वाचलं, की पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळून माझ्याकडे कळवळ्यानं बघू लागल्या. "काय वेदना आहे!" सर म्हणाले. "जिला वृक्ष समजलो, ती तशी निघाली नाही!"

मी वनस्पतिशास्त्र लिहिलं होतं.

पण खोटं कशाला बोलू, मजा आली. त्या वर्षी मी फिजिक्सचे तास बुडवले, इंग्रजीचा एकही नाही. घरी आईला कविता ऐकवली, अर्थही सांगितला. ती भरिताची वांगी भाजत होती. म्हणाली, "आसोद्याच्या बहिणाबाईनं शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरी केवढं सांगून गेली. तू बारा वर्षं शिकलास आणि केळीला गवत म्हणालास."

पुढचा गृहपाठ होता, ओळखीच्या जागेचं वर्णन. मी आमच्या जवळचं भादली स्टेशन निवडलं. फलाटाची लांबी पावलांनी मोजली, न थांबता गेलेल्या गाडीचा वेग घड्याळ लावून काढला आणि शेवटी लिहिलं की गाडी दूर जाताना शिट्टीचा सूर उतरत जातो. सर वाचता वाचता थांबले. मग हळूच म्हणाले, "1918 साली बालकवी याच भादलीला रेल्वेखाली गेले. अठ्ठावीसही पूर्ण नव्हते." वर्ग गप्प. मी तर त्या फलाटावर लहानपणापासून शेंगदाण्याची टरफलं टाकत आलेलो. शेवटच्या ओळीखाली सरांनी तांबडी रेघ मारून लिहिलं, 'सुंदर.' आयुष्यात मला मिळालेली ती पहिली दाद.

ती डॉप्लरची होती.

तरी मी चढलोच. फिजिक्सच्या जर्नलात साध्या लोलकाचा प्रयोग होता. वेळेची नोंद करायची राहून गेली होती, म्हणून निष्कर्षात लिहिलं, 'लोलक घरी जायला निघतो, दोरी त्याला सोडत नाही.' फिजिक्सच्या सरांनी तांबड्या शाईत शेरा मारला, 'पुन्हा करा.' कलेची कदर नाही, असं पुटपुटत मी ते पान इंग्रजीच्या सरांकडे नेलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, माझ्याच खिशातलं पेन घेतलं आणि त्या शेऱ्याखाली लिहिलं:

'पुन्हा करा.'