अनलिमिटेड म्हणजे शंभर

सन्माननीय 'अनलिमिटेड' गाणीवाले साहेब,

पाकिटावर नाव घातलं नाही. तुमची फुकट जाहिरात कशाला करू? शिवाय हे पत्र आपल्यालाच आलंय असं तुमच्या धंद्यातल्या आणखी चार-सहा जणांना वाटलं, तर माझं काहीच बिघडत नाही.

आधी अभिनंदन. अनंत म्हणजे आडवा आठ, असं आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण तो आकडा नेमका किती, ते काही त्यांना सांगता आलं नाही. तुम्ही शोधून काढलंत. शंभर!

झालं असं की, धारणीला भाचीचं साक्षगंध होतं. परतवाडा मागे पडून मेळघाटचा घाट लागला की रेंज जाते, आणि पुढे सेमाडोहपर्यंत मोबाइल म्हणजे महागडं घड्याळ. त्यामुळे वाटेत ऐकायची गाणी घरूनच भरून न्यावी लागतात. अकोल्याहून आलेल्या आमच्या बाबांनी वहीत रीतसर यादी केली होती, दोनशे बारा गाण्यांची. सुरुवातीला भावगीतं, मग सुरेश भटांच्या गझला (ते अमरावतीचे, त्यामुळे त्यांचा नंबर वर लागतो) आणि शेवटी, खास घाटासाठी राखून ठेवलेली, तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं. बसस्टँडसमोर तुमचा फलक होताच. 'हवी तितकी गाणी डाउनलोड करा. अनलिमिटेड!' शुद्ध मराठीत, दोन-दोन फुटांची अक्षरं. मी वर्षाचे पैसे एकदम भरले.

शंभर गाणी अशी उतरली की मी तुम्हाला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. एकशे एकाव्याला गोल चकरी फिरायला लागली. खाली बारीक अक्षरात 'प्रतीक्षेत'. तुमच्या कलेला दाद द्यावी ती इथे. 'नाही' असं तुम्ही म्हणतच नाही. रात्री एक वाजेपर्यंत मी वायफायवाल्याला शिव्या घातल्या, फोन तीनदा बंद-चालू केला, गच्चीवर जाऊन उभा राहिलो. आमच्या अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला होता. तुमची चकरी पाचव्या दिवशीही फिरत होती, म्हणजे तो विक्रम तुम्ही घरबसल्या मोडलात.

घाटात बाबांनी फर्माईश केली. मी भजनावर बोट ठेवलं. 'इंटरनेटशी जोडा.' दुसऱ्यावर ठेवलं. पुन्हा तेच. बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि शांतपणे विचारलं, "काय झालं बाप्पा? बुवाचा गळा बसला काय?" मागच्या सीटवरची मंडळी धारणीपर्यंत हसत होती.

परत आल्यावर तुमच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पोरगी बिचारी गोड बोलत होती. "सर, प्लॅन अनलिमिटेडच आहे. फक्त उचित वापर धोरणाप्रमाणे महिन्याला शंभर." वर असंही म्हणाली, की माझ्या खात्यावर 'असामान्य वापर' दिसतोय. म्हणजे हवी तितकी घ्या म्हणून बोलावणारे तुम्ही, आणि घेतल्यावर अनुचित मी! पंगतीत वाढप्याने आग्रह करून लाडू वाढावा आणि पाहुण्याने तो उचलला की यजमानाने पोलिसात जावं, तसं हे.

हे धोरण कुठे लिहिलंय म्हणून विचारलं, तर 'अनलिमिटेड'च्या डोक्यावर एक चांदणी आहे म्हणे. खरंच होती, मी तिला माशी समजलो होतो. त्या चांदणीमागून गेलं की अटींचं पान, त्यातलं चौदावं कलम, आणि ते इंग्रजीत. फशी पाडायला मायबोली आणि निसटायला साहेबाची भाषा! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या वाचनात आली नसतील; कामं फार. त्यांत लिहिलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवा, आणि दिशाभूल करणारा दावा दुरुस्त करायला खुलासा वापरता येत नाही. म्हणजे ती चांदणीही दोन फुटांची लागेल. फलक पुरेल ना?

मर्यादेवर माझा राग नाही, साहेब. गाण्यांचे हक्क ज्यांचे, त्यांना पैसे द्यावे लागत असतील, सर्व्हरला वीज लागत असेल, कबूल. स्पॉटिफायलाही मर्यादा आहे: एका फोनवर १०,००० गाणी, अशी पाच उपकरणं, आणि तीस दिवसांतून एकदा तरी ऑनलाइन या. पण आकडा त्यांच्या मदतीच्या पानावर लिहिलेला आहे.

ऐंशीच्या दशकात बाबा अकोल्यात यादी देऊन कॅसेट भरून आणायचे. (कायद्यात बसत नव्हतं ते, पण तेव्हा कोणाला पडली होती!) कॅसेटवर छापलेलं असायचं, सी-६०. तीस मिनिटं या बाजूला, तीस त्या बाजूला. दुकानदार यादी पाहून आधीच सांगायचा, "भौ, शेवटचं गाणं तुटन. चालते काय?" आणि ते कडव्याच्या मधेच तुटायचं. आजही रेडिओवर ते गाणं लागलं, की बाबा नेमके तिथेच थांबतात. पण दुकानदाराला त्यांनी कधी बोल लावला नाही.

लांब कशाला, माझ्या घराजवळच्या खानावळीतही 'अनलिमिटेड थाळी' आहे. गल्ल्यामागच्या फळ्यावर खडूने लिहिलंय: 'पोळी, भाजी, वरण, भात पाहिजे तेवढं. श्रीखंड एक वाटी.' दुसरी वाटी मागितली की मालक मान न वळवता बोट फक्त फळ्याकडे करतो. गेली कित्येक वर्षं तिथे कोणाचं भांडण झालेलं पाहिलं नाही.

जगात मात्र भांडणं झाली आहेत. अमेरिकेत एटी अँड टीने 'अनलिमिटेड' डेटा विकून ठरावीक वापरानंतर गुपचूप वेग आवळला. सरकारी व्यापार आयोगाने २०१४ मध्ये खटला भरला, आणि २०१९ मध्ये कंपनीला ६ कोटी डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे. तुम्हाला तो चहापाण्याचा खर्च वाटेल. तरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर माझी तक्रार गेली आहे, आणि तिथे तक्रारींना शंभराची मर्यादा असल्याचं मला कोणी सांगितलं नाही.

तेव्हा फलकावर 'महिन्याला १०० गाणी' एवढंच लिहा. खानावळवाल्याशी बोललो आहे. खडू तो द्यायला तयार आहे.

आपला असामान्य,
एक वर्गणीदार, अमरावती