डायरेक्ट करून देऊ का?

डॅशबोर्डवरच्या काट्यांत तापमानाचा काटा सगळ्यांत सज्जन. वेगाचा काटा उनाड, पेट्रोलचा कायम रडका. हा मात्र एकदा मध्यावर येऊन बसला की वर्षानुवर्षं हलत नाही, आणि आपणही त्याच्याकडे बघत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांतून त्याला निवृत्तच केलंय. त्याच्या जागी एक निळा दिवा, म्हणजे इंजिन अजून गार आहे, आणि एक लाल दिवा, म्हणजे आता देवाचं नाव घ्या. मधल्या सगळ्या आयुष्याला दिवा नाही.

माझी गाडी जुनी, म्हणून काटा आहे. मुंबईहून येताना द्रुतगती मार्गावर तो जागचा हलला नव्हता. नवले पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या आणि हा उठून लालाकडे चालू लागला. गाडी सरकली की खाली, थांबली की वर. मी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर घेण्याचा हा उपाय खात्रीचा आहे, फक्त मे महिन्यात तो कुटुंबाला समजावून सांगता येत नाही. मागच्या सीटवरून ज्या नजरा आल्या त्यांचं तापमान इंजिनाहून जास्त होतं.

खरं तर निदान काट्यानेच सांगून टाकलं होतं. धावत्या गाडीत रेडिएटरला वारा फुकट मिळतो. पंख्याला काम पडतं ते गाडी उभी राहिल्यावर. बहुतेक गाड्यांत कूलंट 95 ते 100 अंशांच्या आसपास गेलं की तो सुरू होतो. धावताना गार आणि थांबल्यावर गरम, म्हणजे आधी पंख्याकडे बघावं. इतकं सरळ आहे हे. पण मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडण्याचं धाडस केलं. आमच्या वार्षिक सभेला कोरम कधी होत नाही. उघड्या बॉनेटभोवती तो आपोआप होतो.

एकाने कूलंट नकली ठरवलं. दुसऱ्याने हेड गॅस्केट गेल्याचं जाहीर करून खर्चाचा आकडाही सांगितला, कारण त्याच्या मेव्हण्याचं गेलं होतं. तिसरा म्हणाला, "थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून द्या, कटकटच नको." हा सल्ला महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. व्हॉल्व्ह काढला की इंजिन तापायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, आणि पंखा बंद असेल तर नवले पुलाखाली पुन्हा तितकंच तापतं. सल्ला देणारा तेव्हा शेजारच्या सीटवर नसतो.

तळमजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. "आमच्या फियाटला असली थेरं नव्हती. पंखा पट्ट्यावर, इंजिन फिरलं की तोही फिरला." खरं आहे. पुढे मारुती 800 मध्ये इंजिन आडवं बसवलं, रेडिएटरची आणि पट्ट्याची तोंडं दोन दिशांना झाली आणि पंख्याला स्वतःची मोटर घ्यावी लागली. मात्र फियाटचा तो एक पट्टा तुटला की पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरीचं चार्जिंग तिघं एकदम संपावर जात, आणि बोरघाटात बॉनेट उघडी टाकून वाफ सोडत उभ्या गाड्यांचं प्रदर्शन भरे, ही आठवण काकांनी गाळली. ती गाळत असतानाच त्यांचा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला.

"ओ काका! हात भाजून घेताय का?"

हा मी बोलावलेला गाड्यांचा वायरमन. दाबाखालचं कूलंट शंभराच्या पुढेही उकळत नाही आणि झाकण सैल केल्याबरोबर थेट तोंडावर उकळतं, एवढं सगळं त्या एका हाकेत होतं. वायरमन मेकॅनिकला कमी समजतो, मेकॅनिक वायरमनला. त्यामुळे दोघांपैकी एकालाच बोलवावं.

त्याने एसी लावायला सांगितला. एसीबरोबर पंखा फिरायलाच हवा, फिरला नाही. फ्यूज धड होता. मग त्याने हॉर्नची रिले काढून पंख्याला लावली आणि पंख्याची हॉर्नला. दोन्हींवर आकडा एकच. हॉर्न वाजला. पंखा गप्प. पुण्यात हॉर्न चालू आणि पंखा बंद अशी गाडी सहज खपेल, असं कोणीतरी म्हणालं.

पुढची युक्ती मला फार आवडली. तापमानाच्या सेन्सरचा रोध गरम होताना कमी होत जातो. त्याने त्याची पिनच उपटली. गाडीतल्या संगणकाच्या दृष्टीने आता एक तर पार्किंगमध्ये सैबेरिया अवतरला होता किंवा सेन्सर मेला होता. अशा वेळी बहुतेक गाड्या शहाणपणाने दुसरं धरून चालतात आणि पंखा पूर्ण वेगात सोडतात. रिले टकटकली. मोटरच्या तोंडाशी टेस्ट लॅम्प पेटला. वीज दारात उभी, मालक उठेना. म्हणजे फ्यूज, रिले, सेन्सर आणि मेव्हण्याचं गॅस्केट सगळे निर्दोष सुटले.

शेवटी त्याने इंजिन बंद केलं, मोटर थेट बॅटरीला जोडली, आणि पान्ह्याच्या दांड्याने तिच्या पाठीत एक ठोका घातला. पंखा भर्रकन सुटला. "मोटरचे कार्बन ब्रश घासलेत," तो म्हणाला. बाकीचे हळूहळू पांगले. एवढ्या स्वस्त आजारात कोणाला रस नसतो.

त्याने लगेच विचारलं, "नवे कार्बन घालून देतोच. पण सोबत डायरेक्ट करून देऊ का? डॅशबोर्डला बटण बसवतो, मनात येईल तेव्हा पंखा चालू." म्हणजे सेन्सर, संगणक, रिले या सगळ्यांना घरी बसवून तापमानाचं खातं माझ्याकडे. मी विचार करत होतो तोवर बायकोने वरच्या गॅलरीतून "नको!" सांगितलं. तिने माझ्याकडे सोपवलेली गॅसची शेगडी पाहिली आहे.

आता पंखा उत्तम चालतो. इतका की गाडी बंद करून किल्ली काढल्यावरही, आतली उष्णता उतरेपर्यंत मिनिटभर भणभणत राहतो. असं काही गाड्यांत मुद्दामच ठेवलेलं असतं. काकांना मी हे सविस्तर सांगितलंय. तरी रोज संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर पोचतो न पोचतो तोच खालून हाक येते, "अहो, गाडी चालू राहिलीय तुमची!"