चोखंदळ योद्धा

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी नुसत्या अक्षरांवर चालणारा एक गेम बनवला. एकाच काल्पनिक जगात अनेकांनी एकाच वेळी हिंडायचं, लढायचं, असा. पुढे १९९६ मध्ये बार्टलसाहेबांनी असल्या जगात रमणाऱ्यांचे चार प्रकार पाडले: पराक्रम करणारे, कानाकोपरा धुंडाळणारे, गप्पा छाटणारे आणि दिसेल त्याचा मुडदा पाडणारे. आमच्या सोसायटीतले काका यांतल्या एकाही खणात बसत नाहीत. काका गेम निवडतात.

एखादा चांगला ऑनलाइन आरपीजी धरायचा आणि जेवणानंतर तासभर खेळायचा, एवढाच त्यांचा बेत. त्यासाठी मुद्दाम घेतलेलं ग्राफिक्स कार्ड एव्हाना जुन्या बाजारातसुद्धा कुणी घेणार नाही.

निवडीसाठी काकांनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय. महिन्याची फी, डाउनलोडचा आकार, पिंग, 'तिथली माणसं कशी' असे रकाने आहेत. शेवटचा रकाना 'निर्णय'. तो पांढराशुभ्र आहे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट पहिल्या फेरीतच बाद झाला. "२००४ पासून लोक राहतायत तिथे. आपण आज गेलो तर पाणी कुठे येतं इथपासून विचारावं लागेल. वर महिन्याला पंधरा डॉलर!" पिंगचाही मुद्दा होताच. पुण्याहून युरोपातल्या सर्व्हरला जाऊन यायला दीडशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात, हे काकांना मुळीच खपत नाही. सोसायटीच्या मीटिंगला ते स्वतः पाऊण तास उशिरा येतात, ती गोष्ट वेगळी.

फायनल फँटसी १४ चा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज हळवा होतो. २०१० साली हा गेम आला तो इतका फसला, की कंपनीने कथेतच आकाशातून एक चंद्र पाडला, अख्खं जग बेचिराख केलं आणि २०१३ मध्ये नव्याने उभारून दिलं. "आपल्या बिल्डरला दाखव हे," असं काका दर वेळी म्हणतात. त्यात सत्तराव्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतं, दिवसांची मुदत नाही. मग अडलंय कुठे? तर फुकट खेळणाऱ्यांना बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. हे ऐकून काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "बाजारात जावं लागत नाही? अहो, मग हा तुमच्यासाठीच काढलाय!"

ईव्ह ऑनलाइनवर ते जवळजवळ विरघळले होते. आइसलँडच्या कंपनीचा, २००३ चा, अंतराळातला गेम. व्यापार, युती, दगाबाजी, सगळं खेळाडूंनीच करायचं. जानेवारी २०१४ मध्ये तिथे एका फौजेकडून आपल्या ताब्यातल्या भागाचा हप्ता भरायचा राहिला. शत्रू लगेच चालून आला, एकवीस तासांच्या आसपास लढाई पेटली आणि सुमारे तीन लाख डॉलर किमतीची जहाजं भस्म झाली. काकांना यात शौर्य वगैरे काही दिसलं नाही. "मेंटेनन्स वेळेवर भरला नाही की असंच होतं," ते म्हणाले. ते सोसायटीचे खजिनदार आहेत, हे सांगायचं राहिलं. पुढे या गेमसाठी एक्सेलची अधिकृत जोडणी आली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता जमलं. पण काका गंभीर झाले. "म्हणजे दिवसभर ऑफिसात करतो तेच. फक्त पगार नाही."

रूनस्केपमध्ये लाकडं तोडायची, मासे धरायचे, भाकरी भाजायची, असं करत प्रत्येक कामात नव्व्याण्णवाव्या लेव्हलपर्यंत चढायचं असतं. त्याला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ब्याण्णवावी गाठली की जेमतेम अर्धी वाट सरते. हे गणित काकांनी स्वतः ताडून पाहिलं आणि त्या रात्री ते समाधानाने झोपले. अर्थात, मासा एकही धरला नाही.

खरी पंचाईत केली गिल्ड वॉर्स २ ने. २०१२ चा गेम, महिन्याची फी नाही, मूळ भाग फुकट. तक्त्यात सगळीकडे हिरवं. "खोट सापडत नाहीये," काका चिंतेत म्हणाले, "म्हणजे ती मोठी असणार."

आम्ही पोरांनी मात्र त्यांच्याच तक्त्यावरून तो उचलला आणि खेळायलाही लागलो. (एक सांगतो, त्यांच्याइतकी अचूक माहिती देणारा माणूस आख्ख्या पेठेत मिळणार नाही. प्रश्न विचारताना फक्त जेवून जावं.) एका शनिवारी आम्ही त्यांना धरूनच बसवलं. डाउनलोड झालं, खातं उघडलं, पात्र घडवायचा पडदा आला. वंश पाच, व्यवसाय नऊ. काकांच्या डोळ्यांत असं तेज आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं. हेडफोनवरून त्यांचे प्रश्न येत राहिले: मोठ्या कानांचा बुटका असुरा घ्यावा की मांजरतोंड्या चार्र? नाक अजून थोडं खाली आणू का? नाव ठेवलं तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं. इकडे आम्ही चौघांनी दोन मोहिमा उरकल्या. दीड वाजता एक जण झोपायला गेला, मग दुसरा. तिसऱ्याची आई उठली.

"काका, मी पण निघतो," शेवटी मीही म्हणालो.

पलीकडे क्षणभर कीबोर्ड वाजला. काका तक्त्यात काहीतरी भरत होते.

"चारही जण गेले ना? तेच लिहितोय," ते म्हणाले. "या गेमात माणसं टिकत नाहीत."