आजोळ भाड्याने देणे आहे

कोकणात वडिलोपार्जित घर असलेल्या माणसापुढे तीन मार्ग असतात. घर पडू द्यावं, घर विकावं किंवा घराचा होमस्टे करावा. पहिल्या मार्गाला मार्गदर्शन लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो ते काम फुकटात आणि वेळेवर करतो. दुसऱ्या मार्गासाठी सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि त्या गोळा होईपर्यंत पहिला मार्ग आपोआप पुरा होतो. उरला तिसरा. दापोलीपासून गुहागरपर्यंत सध्या ज्याला विचाराल तो त्याच मार्गाला लागलेला आहे, तेव्हा चार गोष्टी नीट सांगून ठेवलेल्या बऱ्या.

आधी गिऱ्हाईक ओळखावं. ते पुण्याहून ताम्हिणीने येतं, नाहीतर मुंबईहून, २०११ पासून चौपदरी होत असलेल्या महामार्गाने. दारात उतरतं तेव्हा त्याची कंबर आणि डोकं दोन्ही कामातून गेलेली असतात. त्याचा राग धरू नये. त्याला आजोळ हवं असतं. त्याचं खरं आजोळ चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर होतं, किंवा होतं गावातच, पण मामांनी ते कधीच विकून टाकलं. आजोळ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे सारवलेलं खळं येतं, ओटीवरचा झोपाळा येतो, विहिरीवरचा रहाट येतो. संडास परसदारी चाळीस पावलांवर होता, रात्री कंदील धरायला धाकटा भाऊ न्यावा लागे आणि पहाटे मामा पोफळींना पाणी लावायला उठवत, हे त्याच्या आठवणीतून गळलेलं असतं. आपण विकायचं ते गळून उरलेलं आजोळ. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली की बाकीचं सोपं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करावी, जेवण देणार असाल तर अन्न परवान्याचं बघावं, आणि चुकून एखादा परदेशी पाहुणा आलाच तर चोवीस तासांच्या आत त्याची नोंद सरकारला कळवावी. एवढं केलं की ग्रामपंचायतीतले लोक तुम्हाला ‘शेठ’ म्हणू लागतात आणि वर्गणीची पावती त्या हिशेबाने फाडतात.

घराचं जुनं नाव काढून टाकावं. ‘मातृछाया’त आपल्या आईची छाया असते, पाहुण्याला तिचं काय? किनाऱ्यावर ‘सागर’ने सुरू होणारी सगळी नावं संपलेली आहेत. घरातून समुद्र दिसत नसेल तर ‘गाज’ ठेवावं. ती ऐकू येते असं म्हणता येतं, आणि आली नाही तर वारा पडलाय म्हणता येतं. अंतराच्या बाबतीत ‘समुद्र पाच मिनिटांवर’ असंच लिहावं. गावातलं पोर शाळा सुटल्यावर पळत पाच मिनिटांतच पोचतं, त्यामुळे हे खोटं ठरत नाही.

आता मुख्य विषय. होमस्टेचा गाभारा म्हणजे संडास. पाहुणा फोनवर आधी भाडं विचारत नाही, जेवण विचारत नाही, समुद्रही विचारत नाही. तो विचारतो, “वेस्टर्न आहे ना?” या प्रश्नाला थेट ‘हो’ म्हणता येत नसेल तर होमस्टे काढू नये, सरळ पहिल्या मार्गाकडे वळावं. शंभर वर्षांचं घर, सागवानी खांब, जांभ्याच्या दीड हात जाडीच्या भिंती, वरती मंगलोरी कौलं, असलं सगळं वैभव असलं तरी खोलीला लागून कमोड नसेल तर ते वैभव फोटोपुरतं. तेव्हा बाळंतिणीची खोली होती तिच्या कोपऱ्यात भिंत घालावी आणि तिथे संडास-बाथरूम काढावी. आजीचा जीव वरखाली होईल. ज्या कोपऱ्यात तीन पिढ्या जन्मल्या तिथे हे काय मांडलंत, असं ती म्हणेल. तिला पहिल्या महिन्याचा हिशेब दाखवावा.

बाथरूमला उतार द्यायला गवंड्याला तीनदा सांगावं. तो तीनदाही मान हलवेल आणि पाणी दाराकडेच येईल. नळ चांगले घ्यावेत, खाऱ्या हवेत स्वस्त नळ एका पावसात हिरवे पडतात. गरम पाण्यासाठी गीझर लावावा, पण तांब्याचा बंब टाकू नये. तो चिंचेने घासून परसदारी मांडावा. पाहुणे त्याच्यापाशी उभं राहून फोटो काढतात आणि आंघोळीला गीझरकडे जातात. चुलीचंही तसंच. जेवण गॅसवर होऊ दे, पण चूल पेटती असावी आणि थोडा धूर माजघरात यावा. फार येऊ देऊ नये, डोळ्यांना लागला की तक्रार होते. खळं शेणाने सारवावं, खोल्यांत मात्र फरशी हवीच, कारण सारवलेल्या जमिनीवर बॅगेची चाकं फिरत नाहीत. आणि सारवायला जी बाई येते तिच्याकडे पाहुण्यांची मुलं शेणाचा गोळा मागतात. दोन मिनिटं द्यावा, मग हात धुवायला साबण तयार ठेवावा, नाहीतर त्यांची आई तो गोळा जन्मभर विसरत नाही.

गाद्यांच्या बाबतीत मी थट्टा करणार नाही. सिझन चालतो की नाही हे तिथेच ठरतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणातली कापसाची गादी हवेतलं सगळं पाणी पिते, आणि पाहुणा अंग टाकतो तेव्हा तिला कुबट वास येतो. उघडीप मिळाली की गाद्या उन्हात घालाव्यात, उशांचे अभ्रे रोज बदलावेत, कपाटात दमट कपडे ठेवू नयेत. चादर पांढरीच हवी असा हल्ली दंडक आहे. आपली माती तांबडी, पाहुणा समुद्रावरून अनवाणी येणार आणि तसाच पसरणार. तीन धुण्यांत ती चादर कोकम सरबतासारखी होते. तरी पांढरीच घालावी, कारण ती घातली की पाहुणा निदान पाय धुऊन येईल अशी आशा तरी करता येते.

झोपाळ्यावर आजी असावी. सगळ्या सोयींत ही सोय पैशाने मिळत नाही. स्वतःच्या घरची नसेल तर शेजारच्या घरची दुपारी चार वाजता चहाला बोलवावी. नऊवारी असेल तर उत्तम. पण तिची थोडी तयारी करून घ्यावी लागते. एका घरी हिंजवडीतलं एक जोडपं ओटीवर येऊन बसलं आणि आजींनी सुपारी कातरता कातरता सुरुवात केली.

“कुठले हो तुम्ही?”

“पुण्याचे, आजी.”

“ते झालं. मूळचे कुठले?”

“मूळचे... पुण्याचेच.”

“असं कसं? पुण्याचं मूळचं कोणी नसतं.” मग मुलीकडे वळून, “तुझं माहेर कुठलं गं? लग्नाला किती वर्षं झाली? मग अजून...”

इथे सुनेने हातातलं भांडं पाडलं. ते मुद्दाम पाडलं होतं. सुनेला ही तालीम आधी द्यावी. तरीही आजींना पूर्ण गप्प करू नये. त्याच जोडप्याने निघताना आजींबरोबर फोटो काढला, दोघे त्यांच्या पाया पडले आणि जिच्यावर खर्च केला होता त्या बाथरूमचं कोणी नावही काढलं नाही.

जेवणाचा नियम असा, की जे घरात रोज होतं ते सणाचं म्हणून वाढावं. मऊभात-मेतकूट, कुळथाचं पिठलं, घावणे आणि नारळाचा रस, कुयरीची भाजी, हे सगळं ताटात आलं की पाहुणा ‘ऑथेंटिक’ म्हणतो. बरोबरच्या पोराला मात्र नूडल्सच लागतात. दोन पाकिटं फडताळात असू द्यावीत आणि त्यांचा दर मोदकाइतकाच लावावा. माशांच्या बाबतीत शाळा घ्यावी लागते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, माशांची वीण असते म्हणून. जुलैत येणारा पाहुणा ताज्या सुरमईचीच फर्माईश करतो, कारण पाऊस बघायला आलोय तर सुरमई खाल्ल्याशिवाय कसं जायचं? त्याला सुरमई देऊ नये. बर्फातली आणून ताजी म्हणून वाढणारे आहेत, ते आपल्या गावाचं नाव घालवतात. खाडीतलं काही मिळालं तर द्यावं, नाहीतर सुकट आणि भाकरी वाढावी. डिसेंबरात हापूस मागणाऱ्याला मोहोर दाखवावा. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण झाडाला अजून त्याची वर्दी गेलेली नाही, ते आपलं एप्रिल आल्यावरच बघतं.

निसर्गाबद्दल. पाहुणा निसर्गासाठी येतो आणि रात्री दहाला फोन करतो की भिंतीवर पाल आहे. बेडूक ओरडतात, पहाटे कोंबडा आरवतो, आणि आगरातून धामण गेली की सगळं कुटुंब खाटेवर चढतं. धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, ती असल्यावर नारळी-पोफळी सुखरूप राहतात, हे त्या वेळी सांगून उपयोग नसतो. संध्याकाळी चहाबरोबर आधीच सांगून ठेवावं. माडाखाली गाडी लावू देऊ नये. नारळ कोणाची गाडी बघून पडत नाही.

इथे मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा दाखला द्यावासा वाटतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे गावकऱ्यांना हाताशी धरून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आणि पिल्लं समुद्रात सोडायचा सोहळा बघायला लोक येऊ लागले. हॉटेलं नव्हती, तेव्हा लोक गावातल्या घरांतच उतरले, पंगतीत जेवले, एका खोलीत दहा-दहा जण झोपले. पिल्लं निघाली तर निघाली, नाही निघाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे वाळूवर. तिथे कासवाला कोणी वेळ विचारत नाही. गंमत बघा, जिथे पाहुण्याचं महत्त्व दुसऱ्या क्रमांकावर गेलं तिथेच पाहुणा तक्रार करायचा थांबला. पण प्रत्येक गावाच्या नशिबी कासव नसतं. आपल्याला आजीवर भागवायचं आहे.

पाट्या लावण्याचा मोह आवरावा. आपल्या हाताला ती खोड आहे. ‘झोपाळ्यावर एका वेळी दोघेच बसतील’, ‘विहिरीत डोकावू नये’, ‘पोफळी मोजलेल्या आहेत’. पहिल्या दोन एक वेळ चालतील. तिसरी मनात ठेवावी.

आणि आता सगळ्यात अवघड प्रकरण, नातेवाईक. वर्षभर सातबाऱ्यावरच्या नावांपैकी एकाचाही फोन येत नाही. कौलं उलटायला, वाशाला वाळवी लागली तेव्हा, ‘निसर्ग’ चक्रीवादळात ३ जून २०२० ला आगरातले माड आडवे झाले तेव्हा, सगळ्यांना कामं होती. मे महिन्यात मात्र आठवड्याचे सातही दिवस खोल्या भरलेल्या असताना एक ट्रॅव्हलर दारात थांबते. डोंबिवलीचे काका, बोरिवलीच्या आत्या, त्यांची मुलं, मुलांची मुलं. “आपल्याच घरात बुकिंग कसलं रे?” हा प्रश्न काका ओटीवर पाय ठेवता ठेवता विचारतात, आणि कायद्याने त्यांचं म्हणणं बरोबर असतं. एसी असलेल्या खोलीत त्यांचा आठ आणे हिस्सा असतो. काही होमस्टेवाले काकांना माळ्यावर झोपवतात, काही पाहुण्यांना शेजारी पाठवतात. मी स्वतः असं सुचवीन, की काकांना झोपाळ्यावर बसवावं आणि पाहुण्यांशी बोलू द्यावं. लहानपणी आपण इथे आंबे कसे पाडले, ते तासभर सांगतात. पाहुण्यांना ते आवडतं. ऐन सिझनला आजीबरोबर काका असा जादा माल मिळतो. फक्त काकांना भाडं किती हे कळू देऊ नये, हिस्सा मागतील.

राहता राहिला हिशेब. भाडं आणि जेवण वेगवेगळं सांगावं, आणि ते आधी सांगावं; ‘बघू हो, तुम्ही काय परके आहात का’ असलं काही बोलू नये, कारण निघताना ते वाक्य पाहुण्याला नेमकं आठवतं. कोकम आगळ, पोह्याचे पापड आणि फणसपोळी निघण्याच्या दिवशी ओटीवर मांडावी. आंब्याच्या पेट्यांचे पैसे गाडीची डिकी बंद व्हायच्या आत घ्यावेत. घाटाला लागल्यावर फोन लागत नाही.