सुज्ञ ग्राहकाचा सत्कार करा

गोव्यातल्या डायव्हिंग सेंटरात येणाऱ्या सुज्ञ ग्राहकाचा जाहीर सत्कार व्हायला हवा. तो तासभर एकेक मास्क तोंडाला लावून बघतो, फिन्समध्ये पाय घालतो, रेग्युलेटरचा पहिला टप्पा काय नि दुसरा काय हे मालकाकडून नीट समजून घेतो, वर त्याचाच चहा पितो. मग लेबलाचा फोटो काढून तिथल्याच बाकावर बसून तोच माल मोबाइलवर मागवतो. चार पैसे वाचतात. (शिकवणी फुकट, हे वेगळे.)

हे धोरण आता तडीस न्यावे. सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने हवा भरणारा कॉम्प्रेसर नेमका त्या सेंटरातच असतो, ही जुनाट अडचण आहे. सेंटर बंद पडले की हवाही कुरिअरनेच मागवावी, शक्यतो सणासुदीच्या सेलमध्ये. रेग्युलेटरच्या सर्व्हिसिंगसाठी व्हिडिओ आहेतच. उरलेले स्क्रू जपून ठेवावेत.

आणि ग्रँड आयलंडपाशी १० मीटर खाली, जिथे दाब दुप्पट होतो, तिथे रेग्युलेटर अडलाच, तर घाबरू नये. माल ७ दिवसांत परत करता येतो. ग्राहकाने तेवढे वर यावे.