देवीच्या आधी तारीख

मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते, पण या जत्रेला ठरलेली तिथी नाही. शेतीची कामं आवरली की देवीचा कौल घेतात, दिवस ठरतो, आणि एकदा ठरला की कुणासाठी हलत नाही. इतकं सरळ आहे. तरीही मुंबईत, लालबागपासून नालासोपाऱ्यापर्यंत, एक चाकरमानी हमखास भेटतो, ज्याला ही तारीख देवीच्या आधी कळलेली असते.

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच तो जुनी कॅलेंडरं काढून बसतो. २०२३ला ४ फेब्रुवारी, २०२४ला २ मार्च, २०२५ला २२ फेब्रुवारी. तिन्ही शनिवार! झाला सिद्धांत तयार. ‘देवीक ठावक आसा, चाकरमान्याक रजा गावना नाय.’ २०२२ची जत्रा गुरुवारी होती, अशी आठवण कुणी दिलीच तर ‘तां करोनाचा वरस, धरूचा नाय,’ असा निकाल मिळतो.

मग गावच्या चुलतभावाला फोन.

‘कौल लागलो?’

‘नाय अजून.’

‘लागात तेव्हा दुसरो शनवार जरा बघ.’

हा माणूस नास्तिक नाही, हीच खरी गंमत. मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की ‘देवीच्या मनात येयत तेव्हा होतला’ म्हणून हात जोडतो. फक्त देवीच्या मनात काय आहे, हे सांगण्याचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय. जत्रेचा प्रसाद आंगण्यांच्या घरातल्या बायका मौन पाळून रांधतात. त्यातलं थोडं मौन याच्या वाट्याला आलं असतं तर चाळीचं भलं झालं असतं.

अर्थात सगळा दोष त्याचा नाही. साहेबाला रजेचा अर्ज आधी लागतो आणि त्यावर ‘कौल लागल्यावर कळवतो’ असं लिहून चालत नाही.

पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी खुलायचं. नोव्हेंबर २०२४पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. दुसरा कुणी म्हणाला असता, बरं झालं, अंधारात तीर मारायला नकोत. याला वाटलं, रेल्वेने आपली विद्याच बुडवली. आता तो तीन वेगवेगळ्या शनिवारांची कणकवलीची तिकिटं काढतो. त्यासाठी सकाळी आठच्या ठोक्याला घरातले सगळे फोन कामाला लावतो. चुकलेले शनिवार रद्द करताना शयनयानाच्या निश्चित तिकिटामागे माणशी किमान १२० रुपये कापले जातात. ते तो ‘देवीक दिले’ म्हणून सोडून देतो.

यथावकाश कौल लागतो. दिवस निघतो मधल्याच कुठल्या तरी वाराचा. तिन्ही तिकिटं वाया जातात, पण याचा चेहरा उतरत नाही. ‘मी म्हटलेलंय मां, फेब्रुवारीतच!’ असं म्हणत तो चौथ्या तिकिटाच्या मागे लागतो.

जत्रेसाठी कोकण रेल्वे जादा गाड्याही सोडते. त्या मात्र तारीख जाहीर झाल्यावरच.